छावणीतले शिसे

दिवाळीत पोरांनी अंगणात केलेले किल्ले मी न चुकता पाहून येतो. आमच्या आगाशीत ही हौस अजून शाबूत आहे. दगडविटांवर माती लिंपतात, हळीव पेरून हिरवेगार रान उगवतात, फुटक्या बशीचे तळे करतात, वर महाराजांना सिंहासनावर बसवतात आणि तटावर भाले-बंदुका घेतलेले मावळे उभे करतात. सारे काही असते. चूल मात्र नसते. मातीच्या मावळ्याला भूक लागत नाही, त्याचे कपडे भिजत नाहीत आणि दिवसामागून दिवस नुसते बसून राहण्याचा कंटाळा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. खऱ्या शिपायाच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र या तीन गोष्टींनीच भरलेला असे. लढाई तासाभराची, छावणी महिनोन्‌महिन्यांची.

या छावणीचा विषय निघण्याचे कारण म्हणजे एक शिशाचा गोळा. गेल्या मे महिन्यात आमच्या ओळखीचे एक वाडीवाले तो रुमालात बांधून घेऊन आले. गोळा म्हणजे आकाराने चपट्या पेढ्याएवढा. वरून पांढुरका आणि गुळगुळीत, खालून खडबडीत. त्या खडबडीत बाजूत वाळूचे कण आणि कोळशाचे बारीक तुकडे रुतलेले. आणि एका कडेला अर्धी, अगदी वाटोळी गोळी त्या लगद्यातून डोके वर काढून बसलेली! बर्फीत अर्धवट बुडालेला काजू असावा तशी.

"मास्तर, ही बंदुकीची गोळी दगडावर आपटून अशी झाली का हो?" त्यांनी विचारले.

प्रश्न अगदी रास्त होता. शिसे मऊ; नखाने ओरखडा पडावा इतके मऊ. बंदुकीतून सुटलेली गोळी दगडावर बसली तर ती पापडासारखी पसरते हे खरे. पण अशा गोळीच्या कडा फाटलेल्या, चिरलेल्या असतात. आपटली त्या जागेचा ठसा तिच्यावर राहतो. कापडातून गेली असेल तर कधी कधी कापडाची वीणसुद्धा उमटलेली दिसते. या गोळ्याच्या कडा तशा नव्हत्या. त्या मेणबत्तीच्या ओघळासारख्या गोलसर होत्या. ही गोळी कोणावर झाडलेलीच नव्हती. ती आगीत वितळली होती. आणि एकटी नव्हे, दोन-तीन भावंडांसह.

युरोप-अमेरिकेत जुन्या छावण्यांच्या जागा उकरणारे लोक आहेत. त्यांना अशा वितळलेल्या, चेपलेल्या, कापलेल्या, भोके पडलेल्या आणि चावलेल्यासुद्धा गोळ्या ढिगाने सापडतात. रणांगणावर गोळ्या सापडाव्यात यात नवल नाही. पण जिथे लढाई झालीच नाही तिथे गोळ्यांची ही दशा का, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर शिशाच्या स्वभावात आणि शिपायाच्या दिनक्रमात आहे.

शिसे ३२७ अंशांना वितळते. कल्हईवाल्याची कथील २३२ अंशांनाच पाणी होते, हे आपण दारात बसून पाहिलेले आहे. शिसे तिच्याहून थोडे हट्टी, एवढेच. तांब्याला १०८५ अंश लागतात, म्हणजे भट्टी आणि भाता हवाच. शिशाला मात्र भातखिचडी शिजवणारी चूल पुरते; लाकडाचे लालबुंद निखारे सहाशे अंशांच्या पुढे सहज जातात. म्हणून तर शिसे हा शिपायाचा धातू झाला. लोखंडी पळी, सांडशीसारखा दोन पाकळ्यांचा साचा आणि चूल, एवढ्यावर गोळ्यांचा कारखाना उभा राहतो.

आणि तो कारखाना छावणीतच चालवावा लागे. जुन्या तोड्याच्या बंदुका हाताने घडवलेल्या. एकीच्या नळीचे तोंड दुसरीशी जुळेलच असा नेम नाही. तेव्हा ज्याची बंदूक त्याचा साचा. बंदुकीचे माप नळीच्या रुंदीवरून सांगण्याऐवजी गोळीच्या वजनावरून सांगण्याची पद्धत यातूनच पडली. 'बारा बोरची बंदूक' हे शब्द आपल्याकडे शिकाऱ्यांच्या तोंडी सर्रास असतात. त्याचा अर्थ एवढाच की, एक रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या तर त्यातली एक त्या नळीत बरोबर बसते. आता कल्पना करा, संध्याकाळी चुलीवर भात उतरला आहे आणि त्याच निखाऱ्यावर कोणी शिसे चढवले आहे. साच्यात ओतताना चार थेंब भुईवर सांडणारच. साच्याच्या तोंडाशी शिशाचा देठ राहतो. तो कापून टाकावा लागतो. साचा थंड असला तर गोळी अर्धवट भरते, सुरकुतते. हे सारे पुन्हा पळीत जाई. जे अंधारात, राखेत, गवतात पडे ते तिथेच राही.

दुसरे कारण मला अधिक गमतीचे वाटते. ठासणीची बंदूक भरणे सोपे, रिकामी करणे कठीण. दारू, गोळी, बोळा हे सारे तोंडाकडून गजाने ठासलेले. रात्रीच्या पहाऱ्यावर जाताना शिपाई ती भरून नेणार. पहाटे शत्रू आला नाही म्हणून परत येणार. आता आत ठासलेल्या त्या ऐवजाचे काय करायचे? हवेत बार काढावा, तर सारी छावणी जागी होऊन शस्त्रे घेऊन धावायची. शिवाय दारू फुकट. म्हणून गजाच्या टोकाला स्क्रूसारखा पेच बसवत, तो आतल्या गोळीत फिरवून रुतवत आणि बुचासारखी गोळी ओढून काढत. अशा गोळीच्या माथ्यावर पेचाचे भोक राहते. ती पुन्हा वापरायची तर वितळवून नवी ओतणे बरे.

आपल्या कोकणात तर हे दुखणे दुप्पट. इथली हवाच ओली. दारू दमट झाली की बंदूक नुसती सुरसुरते. काडतुसे भिजली की फोडून दारू फेकायची आणि गोळ्या पळीत टाकायच्या. (काडतूस हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांचाच, 'कार्तूश'वरून आलेला. ज्यांच्याशी आपण दोन वर्षे झुंजलो त्यांचाच शब्द आपण हत्यारासाठी ठेवून घेतला!)

मग ज्या गोळ्या नुसत्याच हरवल्या त्या. तंबूत, खोपटात गवताचे अंथरूण. त्यात पिशवीतून एखादी गोळी घरंगळली तर शोधतो कोण? तळ उठताना गवत, खोपटी, कचरा पेटवून देत. अशा आगीत भुईवर पडलेली गोळी आपोआप वितळते आणि खालच्या मातीचा, कोळशाचा ठसा पोटावर घेऊन थिजते. आमच्या वाडीवाल्यांचा गोळा मला या जातीचा वाटतो. पळीतला असता तर खाली पळीचा गुळगुळीत आकार आला असता.

वाचकहो, इथे एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवतो. आपल्या भागात भाताचा रोप टाकण्यापूर्वी राब भाजतात. जमिनीवर पडलेली एखादी गोळी अशा आगीतही वितळू शकते. तेव्हा प्रत्येक वितळलेल्या शिशामागे शिपायाची चूल पाहू नये. कधी कधी ती कुणब्याच्या राबाची कामगिरी असायची.

राहिला शिपायाचा कंटाळा. मऊ धातू, हातात चाकू आणि पुढे सारी दुपार! छावण्यांत शिशाचे फासे सापडतात: गोळी ठोकून चौकोनी केलेली, सहा बाजूंना टिंबे कोरलेली. सोंगट्या सापडतात, बटणे सापडतात, गळाची वजने सापडतात. एक टोक काढलेली शिशाची कांडी सापडते, ती लिहिण्यासाठी. शिसे कागदावर करडी रेघ उमटवते. आपण आजही पेन्सिलीला 'शिसपेन्सिल' म्हणतो. तिच्यात शिशाचा कणही नसतो, असते ते ग्रॅफाइट. पण नाव त्या जुन्या कांडीचे राहून गेले.

आणि चावलेल्या गोळ्या? साहेबलोकांत अशी गोष्ट आहे की, जखमी शिपायाचा पाय कापताना त्याच्या दाताखाली गोळी देत. गोष्ट मोठी हृदयद्रावक आहे आणि संग्रहालयांनी ती वर्षानुवर्षे सांगितली. पुढे अभ्यासकांनी दातांचे ठसे नीट तपासले, तेव्हा पुष्कळ गोळ्यांवर निघाले डुकराचे दात! रान उकरताना डुकराच्या तोंडी गोळी आली, त्याने ती कंद समजून चघळली आणि टाकली. काही ठसे माणसांचे आहेत, नाही असे नाही. तहान लागली म्हणून, सवय म्हणून, नुसता चाळा म्हणून शिपाई गोळी तोंडात धरीत. पण डुकराने इतिहासकारांना बनवल्याची ही हकिकत मला त्या शस्त्रक्रियेच्या हकिकतीपेक्षा जास्त आवडते.

असो. हे झाले परमुलखातल्या छावण्यांचे. आमच्या आगाशीला शिपायांची ददात कधीच नव्हती. सोळाव्या शतकात हे जहाजे बांधणारे बंदर म्हणून नावाजलेले होते आणि त्याच शतकात पोर्तुगिजांनी ते जाळलेही. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली. दोनशे वर्षांनी, १७३७ च्या उन्हाळ्यात मराठ्यांची मोहीम सुरू झाली. समोरचे अर्नाळ्याचे बेट त्याच वर्षी घेतले गेले. पुढे दोन पावसाळे गेले. १७३९ च्या जानेवारीत तारापूर पडले. तिथे बाजी भिवराव कामी आला. फेब्रुवारीत चिमाजी अप्पा वसईसमोर येऊन बसले आणि मे महिन्यात सुरुंग उडवून तट फोडीपर्यंत उठले नाहीत. मराठ्यांनी स्वतः मान्य केलेला आपल्याकडील ठार-जखमींचा आकडा पाच हजारांवर आहे. त्यानंतरही स्वस्थता नव्हती. १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने वसई घेतली आणि पुढच्याच महिन्यात तो अर्नाळ्यावर आला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली.

या साऱ्याचे कागद आहेत, आणि चांगले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी संपादलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ भागांत वसईच्या मोहिमेला वेगळा भाग दिलेला आहे. त्यात सरदार आहेत, मोर्चे आहेत, रसदेच्या तक्रारी आहेत. वसईच्या चर्चमधल्या घंटांचीही आपण आठवण ठेवली: एक भीमाशंकरी टांगली, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक मेणवलीला नाना फडणिसांच्या घाटावर. घंटा मोठी, तिच्यावर अक्षरे, तिचा नाद कोसभर जातो. तिला कोण विसरेल? पण मोर्चात बसलेला तो पाच हजारांतला एक, जो कुठल्या कागदात नावाने येत नाही, त्याच्या हातचे मागे काय उरले असेल? देठ कापलेली गोळी, सांडलेला थेंब, कोरता कोरता अर्धवट टाकलेला फासा. त्याची मोडी हीच.

ही लिपी वाचायला सुरुवातीला भारी साधने लागत नाहीत. सोनाराचा काटा पुरतो. गोळी कितीही चेपली, पसरली तरी तिचे वजन तेच राहते. आणि शिशाची घनता ठरलेली असल्यामुळे वजनावरून मूळ गोळी किती रुंद होती हे गणिताने काढता येते. डॅनियल सिव्हिलिक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १७७८ च्या मॉनमथच्या रणांगणावरील गोळ्यांसाठी हे सूत्र बसवून दिले. इंग्रजी फौजेच्या त्या काळच्या बंदुकीची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर व्यासाची, म्हणजे वजनाने सुमारे ३२ ग्रॅम. आपल्या जुन्या हिशेबात पावणेतीन तोळे. फ्रेंच बंदुकीची गोळी सुमारे २७ ग्रॅमची, सव्वादोन तोळ्यांच्या जराशी वर. ज्या जागी एकाच वजनाच्या गोळ्या सापडतात तिथे सरकारी कोठारातून शस्त्रे मिळालेली पलटण असावी. जिथे दहा गोळ्यांची दहा वजने तिथे आपापला साचा घेऊन आलेले लोक. त्याहून खोल जायचे तर शिशाच्या समस्थानिकांवरून ते कोणत्या खाणीतले, याचाही अंदाज प्रयोगशाळेत बांधतात.

तिथेही एक पंचाईत आहे. शिसे पुनःपुन्हा वितळत राहते आणि प्रत्येक वेळी आपली जन्मकथा विसरते. न्यूयॉर्कमध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा घोड्यावर बसलेला शिशाचा पुतळा होता. १७७६ च्या जुलैत लोकांनी तो पाडला, त्याचे तुकडे लिचफील्ड गावी नेले आणि तिथे बायकामुलांनी त्याच्या ४२,०८८ गोळ्या पाडल्या. राजाच्या शिपायांवर राजाचाच वर्षाव! पण यातली एखादी गोळी आज शेतात सापडली तर ती राजाची की कोणा छपराची, हे नुसते पाहून कोण सांगणार?

म्हणूनच वस्तूपेक्षा जागा मोलाची. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावर १९८३ साली वणवा लागून गवत जळाले, तेव्हा पुढच्या वर्षी अभ्यासकांनी तिथे गोळ्या आणि काडतुसांची टोपणे शोधली. पण एकही उचलण्यापूर्वी तिची जागा नकाशावर मांडली. त्या ठिपक्यांवरून कोणती बंदूक कुठून कुठे सरकली हे शंभराहून अधिक वर्षांनी उलगडले. तेच तुकडे कोणी खिशात घालून नेले असते तर त्यांची किंमत भंगाराच्या दराइतकीच राहिली असती.

हे सारे मी आमच्या वाडीवाल्यांना सांगितले आणि मोठ्या आशेने विचारले, "बरे, गोळा नेमका कुठे सापडला?"

त्यांनी हात हलवून सारी वाडी दाखवली. "केळीच्या खड्ड्यात सापडला हो, मास्तर. पण ती माती आपली नाही. मागल्या साली सखल भागात भराव घातला ना, त्यातली. डंपरने आणली."

"कुठून आणली?"

"ते डंपरवाल्याला ठाऊक!"

झाले! गोळा खरा, आग खरी, अर्धी गोळी डोळ्यांपुढे; आणि छावणी मात्र डंपरमध्ये बसून कुठून तरी आलेली. विरारपासून वसईपर्यंत जिकडे पाहावे तिकडे इमारतींचे पाये खणले जात आहेत, एका जागची माती दुसऱ्या जागी जात आहे. चार फूट मातीत अडीचशे-तीनशे वर्षे पडून राहिलेला तळ एका सकाळी चार खेपांत नाहीसा होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. कोणी मुद्दाम नासधूस करतो असे नाही. किल्ला पाडला तर बोंब होते. चुलीची राख उचलली तर कशाची बोंब?

त्यांच्या पुतण्याची नजर त्या गोळ्यावर आधीपासूनच होती. अर्नाळ्याला त्याची मासेमारीची हौस चालते आणि फेकजाळ्याच्या घेराला शिशाची वजने लागतात. मी म्हटले, हा देऊन टाकायला हरकत नाही, याला आता विचारण्यासारखे काही उरले नाही. पण दोन गोष्टी पाळायच्या. एक, स्वयंपाकघरात आणि घरच्या भांड्यात शिसे वितळवायचे नाही. शिसे हे विष आहे आणि सावकाश भिनणारे विष आहे. त्यावरची पांढरी पूड म्हणजे रंगवाल्यांचा जुना सफेता. फार तापले की त्यावर येते ते पिवळे मुर्दाडशिंग आणि तेच आणखी भाजत गेले की शेंदूर. मारुतीला शोभतो, पोटाला नाही. पोराबाळांच्या हाती असा तुकडा द्यायचा नाही आणि आपण हाताळला तर हात साबणाने धुवायचे. दुसरे, जमिनीत पुरून ठेवलेला दहा रुपयांवरचा ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. आणि वसईच्या किल्ल्यासारख्या संरक्षित जागी तर विनापरवाना खणणेच गुन्हा आहे. एक शिशाचा गोळा कोणी चौकशीला घेणार नाही हे खरे, पण त्याच्या शेजारी आणखी काही निघाले तर फावडे थांबवायचे, तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व खात्याला सांगायचे आणि वस्तू घासूनपुसून लखलखीत करायची नाही. त्या घासण्यात दाताचा ठसाही जातो आणि पेचाचे भोकही.

"आणि पुढचा तुकडा आपल्याच मातीत सापडला तर?" त्यांनी विचारले.

"तर उचलण्याआधी तिथे काठी रोवा. विहिरीपासून किती पावले, बांधापासून किती, माती किती खोल, आजूबाजूला राख-कोळसा दिसतो का, एवढे चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी तुकड्याबरोबर डबीत ठेवा."

त्यांनी मान डोलावली, तिथल्या तिथे शेवग्याच्या चार काठ्या तोडल्या आणि खोपीच्या कुडाला लावून ठेवल्या. मी म्हटले, शेवग्याची काठी नको. पहिल्या पावसात तिला पालवी फुटेल आणि वर्षाने खूण कोणती आणि झाड कोणते हे तुम्हालाच कळणार नाही. बांबूची ठेवा.